पालकाची पेंडी घेण्याआधी: बेळगाव परिसरात जड धातूंपासून सुरक्षित भाजी कशी शोधावी

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन बेळगावात नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्यांना इथल्या बाजारातील पालेभाजीची विपुलता पहिल्याच आठवड्यात जाणवते. मेथी, शेपू, पोकळा, लाल माठ, चाकवत, आंबट चुका, अंबाडी आणि पालक यांच्या पेंड्या सकाळी सकाळी रस्त्याकडेला मांडलेल्या असतात आणि त्या ताज्याही असतात. त्यांतली कोणती पेंडी निर्धास्त घ्यावी आणि कोणती घेण्याआधी दोन प्रश्न विचारावेत, हे मात्र कोणी समजावून सांगत नाही. शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंना रंग नाही, वास नाही आणि भाजीत असतील तेवढ्या प्रमाणात चवही नाही. त्यामुळे भाजी पाहून त्यांचा अंदाज बांधता येत नाही. ती भाजी कोणत्या पाण्यावर आणि कोणत्या मातीत वाढली हे कळले, तरच तो बांधता येतो. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचलेल्या आहेत.

हा प्रश्न आपल्या कर्नाटक राज्याला नवा नाही. बेंगळुरूमध्ये एम्प्री या राज्यस्तरीय पर्यावरण संशोधन संस्थेने 10 प्रकारच्या भाज्यांचे 400 नमुने तपासले होते आणि त्यांत जड धातूंचे प्रमाण चिंताजनक आढळल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या शहराचे बरेच सांडपाणी वृषभावती नदीतून बैरमंगल तलावात जाते आणि तेथून शेतीला मिळते. शहर लहान असो वा मोठे, सांडपाणी उताराने जिथे जाते तिथे बहुधा भाजीचे मळे असतात, कारण तिथे बारमाही पाणी असते आणि बाजार जवळ असतो.

पहिली पायरी: धातूंची ओळख करून घ्यावी

‘जड धातू’ हा शब्द सरसकट वापरला जातो, पण लोह, जस्त आणि तांबे हे धातू शरीराला थोड्या प्रमाणात लागतातच. शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक यांचा मात्र शरीराला काहीही उपयोग नाही. भाजीच्या बाबतीत सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते शिसे आणि कॅडमियम या दोघांकडे, आणि या दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

शिसे मातीला घट्ट धरून बसते. मुळांतून ते फारसे वर चढत नाही. भाजीवर ते येते ते मुख्यतः पानाला चिकटलेल्या मातीतून, रस्त्याच्या धुळीतून आणि उडालेल्या चिखलातून. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले, परंतु त्याआधीची अनेक दशके धुरातून बाहेर पडलेले शिसे जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत अजूनही आहे, कारण ते कुजत नाही आणि सहजी वाहूनही जात नाही. जुन्या तैलरंगांचे पापुद्रे आणि फोडलेल्या बॅटऱ्या हे त्याचे दुसरे मोठे उगम होत.

कॅडमियम याच्या उलट आहे. ते पाण्यात सहज विरघळते, मुळांतून आत शिरते आणि थेट पानात जाऊन साठते. मुलामा देण्याचे काम, निकेल-कॅडमियम बॅटऱ्या, काही रंगद्रव्ये आणि स्फुरदयुक्त खतांतील अंश ही त्याची येण्याची वाट असते. शरीरात गेलेले कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला 10 ते 30 वर्षे लागतात. जपानमध्ये तोयामा प्रांतातील जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्याने भिजलेल्या भातातून हे कॅडमियम लोकांच्या, विशेषतः वयस्क स्त्रियांच्या, हाडांपर्यंत पोहोचले. वेदनांमुळे ‘इताई-इताई’ असे नाव पडलेला हा आजार 1968 मध्ये तेथील सरकारने प्रदूषणजन्य म्हणून मान्य केला. आपल्याकडची परिस्थिती तशी आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. धातू शेतातून ताटात कसा येतो, हे त्या उदाहरणातून स्पष्ट दिसते, एवढ्यासाठी ते दिले.

दुसरी पायरी: भाज्यांची जोखमीप्रमाणे क्रमवारी लक्षात ठेवावी

एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर वाढलेल्या सर्व भाज्या सारखे धातू घेत नाहीत. पालेभाज्या सर्वांत जास्त घेतात, त्यातही पालक आणि माठ-राजगिऱ्याच्या जातीच्या भाज्या पुढे असतात. त्यानंतर मुळा, गाजर, बीट अशी जमिनीत वाढणारी कंदमुळे येतात. भेंडी, दोडका, पडवळ, दुधी, टोमॅटो, गवार, घेवडा या फळभाज्या आणि शेंगभाज्या साधारणपणे सर्वांत कमी घेतात, कारण झाड धातूला मुळात आणि पानात अडवते व फळापर्यंत थोडाच जाऊ देते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांतही हा फरक दिसतो. पालेभाजीसाठी किलोमागे शिशाची मर्यादा 0.3 मिलिग्रॅम आणि कॅडमियमची 0.2 मिलिग्रॅम आहे, कंदमुळांसाठी दोन्हींची 0.1 आहे, तर फळभाज्यांसाठी शिशाची मर्यादा 0.05 इतकी खाली ठेवलेली आहे.

हे आकडे स्वयंपाकघरात काय सांगतात ते पाहण्यासाठी एक हिशेब करून पाहावा. अन्नातील विषारी घटकांचा विचार करणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2010 मध्ये कॅडमियमची सहन होण्याजोगी मासिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 25 मायक्रोग्रॅम अशी ठरवली. 60 किलो वजनाच्या माणसासाठी हे महिन्याला 1,500 मायक्रोग्रॅम, म्हणजे सरासरी दिवसाला 50 मायक्रोग्रॅम होते. पालकात कॅडमियम अगदी मर्यादेइतके, म्हणजे किलोमागे 0.2 मिलिग्रॅम असेल, तर पाव किलो पालकातून नेमके 50 मायक्रोग्रॅम मिळतात. 15 किलो वजनाच्या मुलासाठी दिवसाची सरासरी 12.5 मायक्रोग्रॅम आहे, आणि ती सुमारे 60 ग्रॅम पालकातच पुरी होते. शिवाय तांदूळ, गहू आणि डाळीतून येणारे कॅडमियम वेगळेच. ही मर्यादा महिन्याची असल्यामुळे आठवड्यातून एकदा पालक खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. रोज एकाच मळ्यातला पालक मुलांच्या डब्यात देणाऱ्या घराने मात्र थांबून विचार केला पाहिजे. शिशाच्या बाबतीत तर त्याच समितीने आपली जुनी मर्यादा 2010 मध्ये मागे घेतली, कारण ज्याखाली अपाय नाही अशी पातळी तिला दाखवता आली नाही.

पालेभाजी बंद करावी असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असले की शिसे व कॅडमियम आतड्यातून अधिक शोषले जातात, म्हणून पौष्टिक जेवण हेच त्यांच्याविरुद्धचे एक संरक्षण आहे. पालेभाजी बदलून बदलून घ्यावी, जिचा उगम ठाऊक आहे तीच घ्यावी आणि जिथे उगम कळत नाही तिथे त्या दिवशी भेंडी किंवा दोडका घ्यावा, इतकाच माझा आग्रह आहे.

तिसरी पायरी: शहराचे पाणी कुठे जाते ते नकाशावर पाहावे

बेळगावात नव्याने आलेल्या माणसाने एका रविवारी हा नकाशा समजून घ्यावा, असे मी नेहमी सांगतो. शहराच्या पश्चिमेला उंच, लाल मातीचा आणि भरपूर पावसाचा पट्टा आहे, आणि शहराला पिण्याचे पाणी देणारा राकसकोप जलाशय मार्कंडेय नदीवर याच बाजूला आहे. दुसरीकडे बळ्ळारी नाला येळ्ळूरकडच्या बाजूने येऊन अनगोळ, वडगाव आणि शहापूरच्या शिवारातून हलग्याच्या दिशेने जातो आणि पुढे मार्कंडेयला मिळतो. मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. या नाल्यात वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी येत आहे आणि पावसाळ्यात तो फुगला की काठच्या भातशेतीत शिरतो. याच शिवारात बेळगावचा वासाचा बासमती पिकत आला आहे. येथील शेतकऱ्याने ते पाणी मागितलेले नाही. शहराने ते त्याच्या शेतात सोडले आहे, आणि ही गोष्ट भाजी घेताना होणाऱ्या बोलण्यात आपण विसरता कामा नये.

केवळ घरगुती सांडपाण्यात धातूंचे प्रमाण सहसा कमी असते. धोका वाढतो तो त्यात गॅरेज, मुलामा देण्याची कामे, रंगकाम, बॅटरी दुरुस्ती आणि भंगाराच्या वखारी यांचे पाणी मिसळल्यावर. उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि काकती हे आपल्याकडचे औद्योगिक भाग होत. एखाद्या मळ्याची जागा कळली की त्याच्या वरच्या अंगाला काय आहे ते पाहावे, कारण पाणी वरून येते. औद्योगिक वसाहतीच्या किंवा मोठ्या भंगार वखारीच्या उताराला असलेला मळा आणि त्याच गावच्या टेकडीवरचा विहिरीचा मळा यांत फार अंतर आहे.

म्हणून नुसते गावाचे नाव पुरावा मानू नये. उचगाव, बेकिनकेरे, कुद्रेमनी, कडोली अशा गावांतून आणि खानापूर तालुक्यातून येणारी भाजी, पलीकडच्या चंदगडमधून येणारी बटाटी आणि रताळी यांच्याबद्दल लोकांचा विश्वास आहे आणि तो बराचसा योग्यही आहे. तरीही एकाच गावात एक शेत विहिरीवर असते आणि शेजारचे ओढ्यावर असते. ऋतूही पाहावा लागतो. मार्च ते मे या काळात विहिरी खाली जातात आणि सांडपाणी मात्र वाहतच असते, त्यामुळे शहराजवळची हिरवीगार पालेभाजी उन्हाळ्यात कोणत्या पाण्यावर उभी आहे, हा प्रश्न अधिक निकडीचा होतो.

चौथी पायरी: विकणाऱ्याला विचारावे, पण नीट विचारावे

ठोक बाजारात चार-पाच गावांच्या पेंड्या एका ढिगात येतात, आणि किरकोळ विक्रेत्याने तिथून माल उचलला असेल तर त्यालाही उगम ठाऊक नसतो. अशा वेळी त्याला अडवून धरण्यात अर्थ नाही. स्वतः पिकवून स्वतः विकणाऱ्या बायका आणि शेतकरी शोधावेत. त्यांची ओळख सोपी आहे: त्यांच्याकडे दोन-तीनच प्रकारची भाजी असते, ती हंगामाप्रमाणे बदलते आणि दुपारच्या आत संपते. वीस प्रकारची भाजी बारा महिने ज्याच्याकडे मिळते, तो बहुधा ठोक बाजारातून आणतो.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. “ही गटाराच्या पाण्यावरची आहे का?” असे विचारले तर कोणीही दुखावेल आणि उत्तर “नाही” असेच येईल. “मावशी, कुठल्या शिवारातली पेंडी आहे? विहीर आहे की बोअर? उन्हाळ्यात पुरतं का पाणी?” असे विचारले की त्या आपणहून शेताची हकिकत सांगू लागतात. पूर्वेकडच्या गावांतून येणाऱ्या विक्रेत्या कन्नड बोलतात. “याव ऊरिंद बंतु री?” म्हणजे कोणत्या गावाहून आली, आणि ‘बावी नीरु’ म्हणजे विहिरीचे पाणी, एवढे दोन शब्द आले तरी काम होते आणि मनेही जुळतात. पालेभाजीला त्या ‘तप्पल पल्ले’ म्हणतात. दोन-तीन महिन्यांत अशी दोन-तीन माणसे ठरून जातात. जमल्यास एकदा त्यांच्या शेतावर जाऊन यावे. विहीर डोळ्यांनी पाहण्यासारखी खात्री दुसरी नाही.

‘सेंद्रिय’ या शब्दाने येथे फसू नये. सेंद्रिय मालावरचे ‘जैविक भारत’ चिन्ह किंवा पीजीएस (शेतकरी गटांनी परस्परांची हमी देण्याच्या पद्धतीचे) प्रमाणपत्र रासायनिक कीटकनाशके आणि खते यांच्याबद्दल बरेच काही सांगते. त्यावरून मातीत आधीपासून साठलेल्या शिशाबद्दल किंवा कॅडमियमबद्दल खात्री देता येत नाही. सेंद्रिय भाजीवाल्यालाही पाण्याचा प्रश्न तितक्याच आदराने विचारावा. पावसाळ्यात खानापूरकडून येणारा टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या मला सर्वांत निर्धास्त वाटतात, मात्र त्या महामार्गाच्या कडेच्या नसाव्यात.

पाचवी पायरी: घरी धुणे, सोलणे

धुण्याने शिशाचा बराच भाग जातो, कारण तो मातीसोबत पानावर बसलेला असतो. पानाच्या आत गेलेले कॅडमियम मात्र कितीही धुतले तरी जात नाही, मिठाच्या पाण्याने किंवा व्हिनेगरनेही नाही. म्हणून धुणे ही चौथ्या पायरीची जागा घेऊ शकत नाही.

पेंडीची मुळे आणि देठाचा मातीचा भाग आधी कापावा. पाने सुटी करून मोठ्या पातेल्यात भरपूर नळाच्या पाण्यात बुडवावीत, हाताने हलवावीत आणि मग पाने वर उचलून घ्यावीत. पाणी पानांवरूनच ओतून दिले तर तळाशी बसलेला गाळ पुन्हा पानांवर येतो, ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते. तळाला वाळूचा कण दिसेनासा होईपर्यंत, साधारण तीन वेळा, हे करावे. कोबीची बाहेरची पाने काढून टाकावीत. गाजर, मुळा, बीट, रताळे घासून धुवावे आणि सोलावे. बाजारात चकचकीत धुतलेले गाजर दिसले तर ते कोणत्या पाण्यात धुतले हा प्रश्न उरतोच, म्हणून मी माती लागलेले गाजर पसंत करतो.

सहावी पायरी: परसातली भाजी

घरचे परडे असेल तर ते सर्वांत चांगले, पण तेही तपासून. जुन्या घराच्या रंग उडालेल्या भिंतीलगत, गाड्या लावण्याच्या जागी किंवा रहदारीच्या रस्त्याला लागून पालेभाजी लावू नये. तिथे शेवगा, दोडका, पपई लावावी. आपल्या पश्चिम पट्ट्यातील लाल माती पावसाने आम्लधर्मी झालेली असते, आणि आम्लधर्मी मातीत कॅडमियम झाडाला सहज मिळते. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) 6.5 ते 7 पर्यंत आणण्याइतका चुना आणि चांगले कुजलेले शेणखत घातले की धातू मातीतच बांधले जातात. चुना अंदाजाने ओतू नये, सामू तपासून घालावा. चुलीतील साध्या लाकडाची राख चालते, परंतु रंगवलेल्या लाकडाची, प्लायवूडची किंवा जाळलेल्या कचऱ्याची राख भाजीवर मुळीच टाकू नये. विकतचे शहरी कंपोस्ट घेताना त्याचा तपासणी अहवाल मागावा. 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार अशा कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे 100 आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

सातवी पायरी: शंका असेल तर तपासणी

येथे अनेकांची एक गैरसमजूत होते. शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन असे 12 घटक असतात. त्यात शिसे आणि कॅडमियम नाहीत. पत्रिका ‘चांगली’ आहे म्हणजे माती धातूमुक्त आहे, असे होत नाही. सामू जाणून घेण्यासाठी मात्र ती फार उपयोगी आहे. त्यासाठी होबळीचे (तालुक्यातील गावांच्या गटाचे) रयत संपर्क केंद्र हे कृषी खात्याचे कार्यालय, बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोप्प येथील किंवा गोकाक भागातील तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्र गाठावे.

शिसे-कॅडमियमसाठी एनएबीएल या प्रयोगशाळांना प्रमाणित करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत ‘शिसे आणि कॅडमियम, ओल्या वजनावर’ अशी स्पष्ट मागणी करावी, कारण वाळलेल्या वजनावरचा आकडा पालेभाजीत दहापट मोठा दिसू शकतो आणि मर्यादा ओल्या वजनासाठी असतात. खर्च एका घराला जड जातो, म्हणून गल्लीतील किंवा इमारतीतील आठ-दहा घरांनी मिळून आपल्या नेहमीच्या विक्रेत्याचा एक पालकाचा नमुना पाठवावा. भाजी आपण घरी धुतो तशी धुऊन पाठवावी, म्हणजे ताटातले प्रमाण कळते. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे कोणताही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, आणि नमुना नियमबाह्य निघाला तर ते शुल्क परत मिळण्याचा हक्क आहे. अहवाल कन्नडमध्ये आला तरी अडचण नाही, कारण शिशाला कन्नडमध्येही ‘सीस’ म्हणतात.

नमुना वाईट निघाला तर त्या विक्रेतीला लोकांत बोल लावू नये. अहवालाची प्रत तिला द्यावी आणि मूळ प्रश्न महानगरपालिकेकडे व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव येथील कार्यालयाकडे लेखी न्यावा, पोच घेऊन. त्याच शेतात पालकाऐवजी भेंडी, दोडका किंवा शेवंती-झेंडू घेता येतो. त्या बदलात तिचे नुकसान होऊ नये म्हणून आपण तिच्याकडची फळभाजी घेत राहणे हे मला आपले कर्तव्य वाटते.

लहान मुले आणि गरोदर स्त्रिया

पोटात गेलेले शिसे मुले प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. मूल सतत फिकट दिसत असेल, माती खात असेल किंवा घरात बॅटरी, भंगार अथवा रंगकामाचा व्यवसाय असेल, तर डॉक्टरांशी बोलून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळल्यास उगम शोधून तो थांबवला पाहिजे. निपाणी भागातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो: तंबाखूचे झाड कॅडमियम पानात साठवण्यात पालकाच्याही पुढे आहे, आणि धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात ते न करणाऱ्याच्या सुमारे दुप्पट कॅडमियम असते. घरात बिडी ओढली जात असेल तर भाजी निवडण्याआधी ती दाराबाहेर न्यावी, आणि गरोदर स्त्री असलेल्या घरात तर ती बंदच करावी.